लाकडी कृत्रिम आमिष : घडण, रंगकाम आणि त्यामागील विज्ञान

प्रस्तावना :

‘आमिष’ हा शब्द आज मराठीत प्रामुख्याने प्रलोभन या अर्थाने वापरला जातो. मूळ संस्कृतात मात्र त्याचा अर्थ मांस असा आहे. ‘सामिष’ आणि ‘निरामिष’ या शब्दांत तो अद्याप टिकून आहे. गळाला गांडूळ, कोळंबी किंवा लहान मासा लावून मोठा मासा पकडण्याची पद्धत जगभर प्राचीन काळापासून प्रचलित आहे. अशा वेळी आमिष हे शब्दशः आमिषच असते. परंतु गळाला लावलेली वस्तू जेव्हा लाकडाची असते, तिला वास नसतो, चव नसते आणि तरीही शिकारी मासा तिच्यावर झडप घालतो, तेव्हा काही मूलभूत प्रश्न उपस्थित होतात. मासा नेमके काय पाहून फसतो? लाकडाच्या तुकड्यात ते ‘काय’ कसे आणले जाते? आणि त्यात रंगाचा वाटा किती असतो?

इंग्रजीत ‘लुअर’ या नावाने ओळखले जाणारे हे कृत्रिम आमिष आज बहुतांशी प्लास्टिकचे असून कारखान्यात तयार होते. तथापि युरोप, अमेरिका, जपान आदी देशांत घरच्या घरी लाकूड कोरून व रंगवून असे आमिष तयार करणारे हौशी कारागीर आजही मोठ्या संख्येने आहेत. प्रस्तुत लेखात अशा लाकडी माशाची घडण, त्याचा तोल, त्याचे रंगकाम आणि माशाचे संवेदनविश्व यांचा परस्परसंबंध उलगडण्याचा प्रयत्न केला आहे. उत्तम लाकडी आमिष हे माशाच्या रूपाची नव्हे, तर त्याच्या चुकलेल्या हालचालीची नक्कल असते. रूप व रंग त्या हालचालीला साहाय्य करतात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

अमेरिकेतील लाकडी आमिषांच्या इतिहासात जेम्स हेडन (१८४५–१९११) यांचे नाव प्रथम घेतले जाते. मिशिगन राज्यातील डोवाजियाक या गावी राहणारे हेडन व्यवसायाने मधमाशीपालक होते. १८९८ च्या सुमारास एका गिरणीच्या तळ्याकाठी त्यांनी चाकूने छिलत असलेला लाकडाचा तुकडा सहज पाण्यात फेकला आणि एका बास माशाने त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेतील तपशील बाजूला ठेवला, तरी हेडन यांनी त्या काळात लाकडाचे बेडूक कोरले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या कुटुंबाने डोवाजियाक येथे रंगीत लाकडी आमिषांचा उद्योग उभा केला, हे निश्चित आहे.

या विषयाला वैचारिक दृष्टीने अधिक महत्त्वाचे वळण मिळाले ते फिनलंडमध्ये. लाउरी रापाला (१९०५–१९७४) हे दक्षिण फिनलंडमधील असिक्काला परिसरातील एक गरीब मच्छीमार होते. पाइयान्ने या विस्तीर्ण सरोवरात जाळी आणि गळाच्या लांब दोऱ्या लावून ते उदरनिर्वाह करीत. असंख्य गळांना रोज जिवंत आमिष लावण्यात त्यांचा बराच वेळ खर्ची पडत असे. होडीतून पाण्याचे निरीक्षण करताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. शिकारी मासा लहान माशांच्या थव्यात घुसतो, तेव्हा तो कोणताही मासा पकडत नाही. जो मासा किंचित लटपटत, तोल सांभाळत पोहत असतो त्यालाच तो नेमका टिपतो. जखमी किंवा दुर्बल भक्ष्य कमी श्रमात मिळते, हे त्यामागील कारण उघड आहे.

या निरीक्षणातून १९३६ मध्ये रापाला यांनी एक आमिष तयार केले. त्याचे शरीर बुचाचे होते आणि ते चांभारी चाकूने कोरलेले व पॉलिश पेपरने घासलेले होते. चांदीसारखी चमक यावी म्हणून चॉकलेटच्या वेष्टनातील चंदेरी कागद त्यावर चिकटविला होता. वार्निश विकत घेणे परवडत नसल्याने छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्याचे पारदर्शक आवरण दिले होते. पुढील काळात बुचाची जागा झाडाच्या सालीने व नंतर बाल्सा या अत्यंत हलक्या लाकडाने घेतली. १९६० च्या सुमारास हे आमिष अमेरिकेत पोहोचले. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘लाइफ’ या साप्ताहिकाने त्यावर लेख प्रसिद्ध केला. मेरिलिन मन्रो या अभिनेत्रीच्या निधनाचे वृत्त असलेला तोच अंक प्रचंड खपला आणि एका खेड्यातील हातकामाला जगभरातून मागणी येऊ लागली.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, रापाला यांच्याकडे सुबक रंग नव्हते, चांगले लाकूड नव्हते आणि औपचारिक शिक्षणही फारसे नव्हते. त्यांच्याकडे एक अचूक निरीक्षण होते आणि ते वस्तूत उतरविण्याचे हस्तकौशल्य होते.

लाकडाची निवड आणि तोलाचे गणित :

लाकडी आमिष घडविताना पहिला निर्णय लाकडाचा असतो आणि तो केवळ आवडीनिवडीचा नसून आर्किमिडीजच्या तत्त्वाशी निगडित असतो. एक साधे उदाहरण घेऊ. सुमारे ९ सें.मी. लांबीच्या एका आमिषाचे घनफळ १५ घन सें.मी. आहे असे मानू. पूर्ण बुडाल्यावर ते १५ ग्रॅम गोडे पाणी बाजूस सारील. गळ, कड्या आणि तार यांचे एकत्रित वजन ४ ग्रॅम धरू. आता तीन प्रकारच्या लाकडांची तुलना करता येईल.

१) बाल्सा : घनता सुमारे ०.१६. शरीराचे वजन २.४ ग्रॅम. धातूसह ६.४ ग्रॅम. म्हणजे तरंगण्याची क्षमता संपण्यापूर्वी आणखी ८.६ ग्रॅम वजन घालता येते.

२) सीडर : घनता सुमारे ०.३७. शरीराचे वजन सुमारे ५.५ ग्रॅम. धातूसह ९.५ ग्रॅम. शिल्लक ५.५ ग्रॅम.

३) साग : घनता सुमारे ०.६५. शरीराचे वजन सुमारे ९.७ ग्रॅम. धातूसह १३.७ ग्रॅम. शिल्लक जेमतेम १.३ ग्रॅम.

हा हिशेब ढोबळ आहे. गळांचे स्वतःचे घनफळ आणि वजनासाठी पाडलेल्या भोकातून निघालेले लाकूड यात धरलेले नाही. तथापि त्यातून मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. ‘शिल्लक’ राहिलेले हे वजन म्हणजेच कारागिराचे स्वातंत्र्य होय. पोटात खालच्या बाजूस शिशाचा किंवा अन्य धातूचा तुकडा बसवून तो आमिषाचा गुरुत्वमध्य खाली आणतो. लाकूड हलके असल्याने उत्प्लावन-मध्य वर राहतो. हे दोन मध्य एकमेकांपासून जितके दूर, तितके आमिष कलल्यानंतर लवकर सरळ होते. सागासारख्या जड लाकडात अशा वजनाला वावच उरत नाही. त्यामुळे फर्निचरसाठी श्रेष्ठ ठरणारे लाकूड येथे कनिष्ठ ठरते.

याला दुसरी बाजूही आहे. हलक्या लाकडाचे जडत्व कमी असल्याने ते पाण्याच्या लहानशा दाबालाही तत्काळ प्रतिसाद देते आणि त्याची हालचाल चपळ होते. परंतु बाल्सा मऊ असल्याने माशाच्या दातांनी लवकर खराब होते आणि हलके असल्याने वाऱ्याविरुद्ध लांब फेकता येत नाही. सीडर किंवा बासवुड यांसारखी मध्यम लाकडे टिकाऊपणा आणि चपळता यांचा समतोल साधतात. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ असल्याने वरील उदाहरणातील आमिषाला तेथे सुमारे ०.४ ग्रॅम अधिक उत्प्लावन मिळते. म्हणूनच सरोवरात पाण्याच्या मध्यावर स्थिर राहणारे आमिष समुद्रात हळूहळू वर येऊ लागते.

घडणीची प्रक्रिया :

घडणीचे टप्पे सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात.

१) आराखडा : बाजूने आणि वरून दिसणारा आकार पुठ्ठ्यावर काढून कापला जातो. लाकडाचे तंतू आमिषाच्या लांबीच्या दिशेने असावेत आणि त्यात गाठ नसावी. तंतू आडवे आल्यास शेपटीचा निमुळता भाग ताणाखाली मोडतो.

२) मध्यरेषा व खाचा : चौकोनी ठोकळ्याच्या सर्व बाजूंवर मध्यरेषा आखली जाते. पात्यासाठीची खाच आणि वजनासाठीची भोके ठोकळा चौकोनी असतानाच पाडली जातात. आकार गोल झाल्यानंतर काटकोन शोधण्यासाठी सपाट बाजू उरत नाही आणि खाच किंचित जरी तिरकी झाली तरी आमिष सरळ पोहत नाही. कामाचा क्रम हा येथे कौशल्याचाच भाग असतो.

३) कोरणे व घासणे : करवतीने बाह्यरेषा कापून चाकू व कानसीने कडा गोल केल्या जातात. त्यानंतर ८०, १५०, २२० आणि ४०० क्रमांकांच्या पॉलिश पेपरने क्रमाक्रमाने घासले जाते. दोन्ही बाजू सारख्या आहेत किंवा नाहीत हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते, असा अनुभवी कारागिरांचा प्रत्यय आहे.

४) तार : मऊ लाकडात नुसता आट्यांचा हूक मोठ्या माशाच्या ओढीने उपटून येतो. म्हणून नाकापासून शेपटीपर्यंत एकच अखंड तार पोटातील चिरेतून घातली जाते आणि चीर लांबी किंवा एपॉक्सी भरून बुजविली जाते. मासा मग लाकडाला नव्हे, तर तारेला ओढतो.

५) तोलाची चाचणी : रंग देण्यापूर्वी, लाकडाला पाणी न लागणारा पहिला लेप देऊन, सर्व गळ अडकवून आमिष बादलीत सोडले जाते. त्याचे डोके वर आहे की शेपूट, ते एका अंगावर कलते की काय, हे पाहून वजन पुढे-मागे सरकविले जाते. रंगकामाचे आवरणही वजन वाढविते. त्यामुळे थोडी जागा मुद्दाम राखून ठेवावी लागते.

पात्याचे कार्य :

अनेक आमिषांच्या तोंडाखाली धातूचे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे एक तिरके पाते असते. दोरी ओढली की पाणी या पात्यावर दाब देते आणि आमिष खाली बुडी मारते. त्याच वेळी पात्याच्या दोन्ही कडांवरून पाण्याचे भोवरे आळीपाळीने सुटतात. एकदा डावीकडचा भोवरा सुटला की त्या बाजूचा दाब बदलतो, लगेच उजवीकडचा सुटतो आणि आमिष डावी-उजवीकडे डोलू लागते. प्रवाहात उभ्या केलेल्या वस्तूमागे भोवऱ्यांची अशी दुहेरी रांग तयार होते, याचे गणिती विवेचन थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११-१२ मध्ये केले होते. वाऱ्यात टेलिफोनच्या तारा गुणगुणतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. आमिषाच्या बाबतीत दोरीची ओढ, शरीराचा आकार आणि पोटातील वजन यांचाही परिणाम त्यात मिसळतो. त्यामुळे केवळ सूत्रावरून हालचालीचे पूर्ण भाकीत करणे कठीण असते.

पाते शरीराच्या रेषेत लांब ठेवले तर आमिष खोल जाते आणि त्याचे डोलणे आखूड व जलद होते. पाते उभे ठेवले तर ते उथळ राहते आणि डोलणे रुंद होते. वजन फार खाली आणि फार जास्त असेल तर आमिष ताठ होऊन काठीसारखे ओढले जाते. वजन कमी असेल तर ते गिरकी घेऊन उलटते. इष्ट अवस्था या दोहोंच्या मध्ये, उलटण्याच्या अगदी अलीकडे असते. पूर्णतः स्थिर वस्तू हे सामान्यतः अभियांत्रिकीचे ध्येय असते. येथे मात्र कारागीर नेमकी मोजून-मापून अस्थिरता निर्माण करीत असतो. रापाला यांना थव्यात दिसलेला लटपटणारा मासा तो हाच.

शेवटी प्रत्येक आमिष पाण्यात ओढून पाहावे लागते. ते एका बाजूस जात असेल तर नाकातील कडी विरुद्ध बाजूस अगदी किंचित वाकविली जाते. एकाच आराखड्यावरून, एकाच फळीतून कापलेले दोन लाकडी मासे क्वचितच सारखे पोहतात, कारण लाकूड हा एकजिनसी पदार्थ नव्हे. म्हणूनच हा अंतिम टप्पा वगळता येत नाही.

रंगकामाची पद्धती :

रंगाचे पहिले काम संरक्षणाचे आहे. लाकडात पाणी शिरले की ते फुगते, रंगाला तडे जातात आणि तोल बिघडतो. याकरिता सँडिंग सीलर, पातळ केलेले एपॉक्सी किंवा उकळलेले जवसाचे तेल यांचा लेप दिला जातो. तेल वापरल्यास ते पूर्ण सुकेपर्यंत पुरेसा अवधी द्यावा लागतो. अन्यथा वरचा रंग धरत नाही. त्यावर पांढऱ्या प्रायमरचे थर येतात. पांढरी पार्श्वभूमी प्रकाश परत फेकते, त्यामुळे वरचे पातळ रंग उजळ दिसतात.

रंग फिक्याकडून गडदाकडे दिले जातात. प्रथम पोटाचा पांढरा वा मोतिया रंग, नंतर बाजूंचा चंदेरी आणि शेवटी पाठीचा हिरवा, निळा किंवा काळपट रंग. खवल्यांचा आभास निर्माण करण्यासाठी मच्छरदाणीसारखे बारीक जाळीचे कापड शरीरावर ताणून बसविले जाते आणि त्यावरून रंगाचा फवारा मारला जातो. जाळी काढल्यावर तिच्या धाग्यांखालचा भाग मूळ रंगाचा राहतो आणि खवल्यांची नक्षी उमटते. त्यानंतर कल्ल्यांची रेषा, गळ्याखाली तांबडा ठिपका आणि डोळा काढला जातो.

सर्वांत शेवटी दोन भागांच्या एपॉक्सीचे पारदर्शक आवरण दिले जाते. ते घट्ट होईपर्यंत ओघळून पोटाखाली साचू नये म्हणून आमिष एका चाकाला अडकवून संथ गतीने फिरत ठेवले जाते. काही हौशी कारागीर त्यासाठी लहान विद्युत मोटर वापरतात, तर काही दर दोन-चार मिनिटांनी हाताने उलटतात.

रंग आणि माशाची दृष्टी :

रंग मासे फसविण्यासाठी असतात की गिऱ्हाईक फसविण्यासाठी, असा विनोद या क्षेत्रात केला जातो. त्यात तथ्य असले तरी ते अर्धेच आहे. रंग पाण्याखाली कसे बदलतात हे पाहिल्याशिवाय त्याचा निवाडा करता येत नाही. स्वच्छ पाण्यात तांबडा प्रकाश प्रथम शोषला जातो; काही मीटर खोलीवर तांबडा रंग काळपट दिसू लागतो. निळा प्रकाश सर्वांत खोल जातो. गढूळ किंवा शेवाळयुक्त पाण्यात मात्र निळा प्रकाश लवकर नाहीसा होतो आणि पिवळा-हिरवा भाग अधिक टिकतो. म्हणजे गळ्याखालचा जो तांबडा ठिपका दुकानात रक्तासारखा दिसतो, तो खोल पाण्यात केवळ एक गडद डाग असतो. तेथे त्याचे मूल्य रंगाचे नसून विरोधाचे असते.

याहून महत्त्वाचा प्रश्न पाठ गडद आणि पोट फिके का, हा आहे. त्याचे उत्तर प्राणिशास्त्रज्ञाने नव्हे, तर ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये मांडले. प्रकाश वरून येतो. त्यामुळे एकाच रंगाच्या वस्तूची पाठ उजळ आणि पोट छायेत दिसते व तिला गोलाई प्राप्त होते. प्राण्याची पाठ गडद आणि पोट फिके असेल तर ही छाया भरून निघते, गोलाई नाहीशी होते आणि तो पार्श्वभूमीत मिसळतो. चित्रकार सपाट कागदावर छाया रंगवून गोलाई निर्माण करतो. निसर्ग याच्या उलट क्रिया करतो, हे चित्रकाराच्याच लक्षात यावे यात नवल नाही.

माशाच्या चंदेरी बाजूंचे कार्यही असेच आहे. खवल्यांत ग्वानिन या द्रव्याचे सूक्ष्म स्फटिक असतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ एरिक डेंटन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, शरीर वक्र असले तरी हे स्फटिक बहुतांशी उभ्या आरशांप्रमाणे रचलेले असतात. सरळ पोहणाऱ्या माशाच्या अंगावर सभोवतालच्या पाण्याचेच प्रतिबिंब पडते आणि तो जवळजवळ अदृश्य होतो.

यातून एक विरोधाभास निर्माण होतो. आमिष दिसावे म्हणून तयार केले जाते. मग त्याला लपण्याचे रंग का द्यावेत? याचे उत्तर हालचालीत सापडते. उभे आरसे मासा सरळ असेपर्यंतच काम करतात. तो कलंडला की आरसा वरचा प्रकाश पकडतो आणि पाण्यात लख्खकन चमक उठते. गडद पाठ व फिके पोट हेही मग चुकीच्या दिशेला येतात. निरोगी मासा लपलेला राहतो, तोल गेलेला मासा उघडा पडतो. थोडक्यात, चंदेरी रंग आणि लटपटणे या दोन स्वतंत्र बाबी नसून एकाच संकेताचे दोन भाग आहेत. रापाला यांनी चिकटविलेला चॉकलेटचा कागद शोभेसाठी नव्हता, तो या संकेतातील आवश्यक घटक होता.

मासा हा संकेत केवळ डोळ्यांनी वाचत नाही. त्याच्या अंगावरील पार्श्वरेखा या संवेदनव्यवस्थेद्वारे पाण्यातील मंद कंपने त्याला जाणवतात. गढूळ पाण्यात किंवा रात्री डोलणाऱ्या आमिषाने हलविलेले पाणीच प्रथम त्याच्यापर्यंत पोहोचते. अशा ठिकाणी कितीही नाजूक रंगकाम केले तरी ते दुय्यम ठरते.

प्राण्याला संपूर्ण नक्कल लागत नाही, काही मोजके संकेत पुरतात, हा विचार निको टिंबर्जेन यांच्या काटेरी माशांवरील प्रयोगांमुळे प्रसिद्ध झाला. तांबड्या पोटाच्या ओबडधोबड प्रतिकृतींवर नर मासे हल्ला करीत, तर तांबडा रंग नसलेल्या हुबेहूब प्रतिकृतींकडे तुलनेने दुर्लक्ष करीत, असे त्यांनी नोंदविले. टिंबर्जेन यांना १९७३ मध्ये कोनराड लोरेंझ व कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या या प्रयोगाची पुढे जी पुनरावृत्ती झाली तिचे निष्कर्ष संमिश्र आहेत. तांबड्या रंगाचा प्रभाव सर्वत्र सारखा आढळला नाही. त्यामुळे एखाद्या विशिष्ट रंगाला हमखास गुणकारी मानणे शास्त्रीय दृष्ट्या धाडसाचे ठरेल. ‘मोजके संकेत’ ही कल्पना मात्र आमिष घडविणाऱ्याला आजही उपयुक्त आहे. प्रत्येक खवला रंगविण्यात खर्च होणारा वेळ पात्याचा कोन तपासण्यात खर्च करणे अधिक श्रेयस्कर.

सुरक्षितता आणि पर्यावरण :

घरगुती काम असले तरी त्यातील काही द्रव्ये घातक आहेत. शिसे विषारी आहे. ते घरात वितळविणे टाळावे आणि हाताळल्यावर हात धुवावेत. पाण्यात हरवलेली शिशाची वजने गिळल्याने हंस पक्षी मरतात, हे आढळून आल्यानंतर ब्रिटनमध्ये १९८७ पासून गळासाठीच्या लहान शिसे-वजनांच्या विक्रीवर बंदी आली. पोलादी गोळ्या, कथील किंवा टंगस्टन हे पर्याय उपलब्ध आहेत. लाकडाची धूळ, रंगाचा फवारा आणि एपॉक्सीच्या वाफा यांपासून बचावासाठी मुखपट्टी, हातमोजे आणि खेळती हवा आवश्यक आहे. तीन टोकांच्या गळांऐवजी एका टोकाचा, आकडीविना गळ वापरल्यास लहान मासा फारशी इजा न होता परत सोडता येतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

कोकणात गळाने मासे पकडण्यास ‘गरवणे’ म्हणतात आणि खाडीकाठी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तेथे पारंपरिक आमिष जिवंत किंवा ताजे असते. अलीकडे जिताडा, तांबोशी यांसारख्या शिकारी माशांसाठी हौशी लोक बाजारातील प्लास्टिकची आमिषे वापरू लागले आहेत.

लाकडी आमिष घडविण्याची रूढ परंपरा येथे नसली, तरी त्यासाठी लागणारी कौशल्ये परकी नाहीत. सावंतवाडीचे चितारी कारागीर लाकडी खेळणी व फळे घडवितात. हलके लाकूड निवडणे, ते घासून गुळगुळीत करणे, पृष्ठभाग बुजवून तयार करणे, रंग देणे आणि शेवटी चकाकीचे आवरण चढविणे, हे टप्पे दोन्हीकडे जवळजवळ समान आहेत. फरक एवढाच की, लाकडी आंबा डोळ्यांना आंबा वाटला की काम पूर्ण होते. लाकडी मासा डोळ्यांना मासा वाटला तरी काम अर्धेच झालेले असते.

शिक्षणाच्या दृष्टीने या फरकाला महत्त्व आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली. हस्तोद्योग हा शिक्षणाला जोडलेला विषय नसून शिक्षणाचे माध्यम असावा, हा तिचा गाभा होता. पुढे आपल्या महाविद्यालयांत हात आणि पुस्तक यांची फारकतच झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार कौशल्याधारित अभ्यासक्रमांना आता श्रेयांक मिळू लागले आहेत. परंतु कौशल्य म्हणजे विचाराविना हात चालविणे, असा समज कायम राहिला तर श्रेयांक वाढतील आणि फारकत तशीच राहील. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी उत्प्लावनाचे सूत्र लिहितो, प्राणिशास्त्राचा विद्यार्थी पार्श्वरेखेची आकृती काढतो आणि दोघेही उत्तीर्ण होतात. पाण्याच्या टाकीत सोडलेला लाकडी मासा उलटला तर मात्र दोघांनाही पुन्हा विचार करावा लागतो. तेथे पाठांतराला गुण नाहीत आणि परीक्षकाची मर्जीही चालत नाही. असा प्रकल्प दोन-तीन विभागांनी एकत्रितपणे, गळ न लावता आणि अल्प खर्चात हाती घेणे सहज शक्य आहे.

निष्कर्ष :

१) लाकडी आमिषाची गुणवत्ता प्रथम तोल आणि हालचाल यांवर, नंतर रंगावर अवलंबून असते.

२) लाकडाची घनता कारागिराला वजन घालण्यास किती वाव मिळेल हे ठरविते, म्हणून हलके लाकूड श्रेयस्कर ठरते.

३) माशाचा रंग त्याला लपवितो आणि चुकलेली हालचाल त्याला उघड करते. आमिषात या दोहोंचा मेळ साधावा लागतो.

४) रंगाचा परिणाम पाण्याची खोली व गढूळपणा यांनुसार बदलतो, सार्वत्रिक गुणकारी असा एकच रंग सांगता येत नाही.

५) या हस्तकौशल्यात पदार्थविज्ञान, प्राणिशास्त्र, चित्रकला आणि सुतारकाम यांचा संगम होत असल्याने बहुविद्याशाखीय अध्यापनासाठी ते अल्पखर्चिक व परिणामकारक साधन ठरू शकते.

असिक्कालाच्या एका अल्पशिक्षित मच्छीमाराने होडीत बसून जे पाहिले, ते शब्दांत मांडण्यास विज्ञानाच्या अनेक शाखांची मदत घ्यावी लागते. त्याच्याकडे या शाखांची परिभाषा नव्हती; पण निरीक्षण, अनुमान, कृती आणि पडताळा हा ज्ञानाचा क्रम त्याने पूर्ण केला होता. हस्तकौशल्याला अभ्यासक्रमात स्थान देताना या क्रमातील शेवटची पायरी, म्हणजेच पाण्यातील पडताळा, वगळली जाणार नाही याची दक्षता अध्यापकांनी घेणे अगत्याचे आहे.